माँट्रियलला नर्स व्हायचंय? फ्रेंच येतं का?

आयईएलटीएस काढली की कॅनडा पक्कं, असं धरून माँट्रियलच्या नर्सिंग जॉबवर डोळा ठेवला असेल, तर जरा थांबा. माँट्रियल क्वेबेक प्रांतात येतं आणि तिथली अधिकृत भाषा एकच, फ्रेंच.

गोची अशी, की माँट्रियलमध्ये इंग्लिशमधून चालणारी मोठी हॉस्पिटलंही आहेत. ज्यूइश जनरल आहे, मॅकगिल विद्यापीठाची आहेत. पण हॉस्पिटल फक्त नोकरी देतं. प्रॅक्टिसचा परवाना देते तिथली नर्सेसची 'ऑर्डर', म्हणजे आपल्या नर्सिंग कौन्सिलसारखी संस्था. कामापुरतं फ्रेंच येत नसेल तर ती कायमचा परवाना देऊ शकत नाही, हे १९७७च्या भाषा कायद्यातच आहे. बाहेरून आलेल्या पात्र नर्सला एक वर्षाचा तात्पुरता परवाना मिळू शकतो. डिग्री आणि अनुभवाची तपासणी वेगळीच.

मला आधी हा नियम जाचक वाटला होता. मग 'माल ओ कर' कळलं. शब्दशः पाहिलं तर हृदयात दुखणं, पण पेशंटला प्रत्यक्षात मळमळत असतं! तुम्ही ईसीजीसाठी धावाल आणि तो उलटी करून मोकळा होईल. दुसरा शब्द 'दिने'. फ्रान्समध्ये ते रात्रीचं जेवण, क्वेबेकमध्ये दुपारचं. डायबेटिसवाले आजोबा म्हणाले, "इन्सुलिन दिनेच्या आधी घेतो", तर किती वाजता? इथं अंदाज चुकून चालत नाही. आपल्याकडेही केरळहून आलेल्या सिस्टर "आजी, कुठं दुखतंय?" विचारायला शिकतातच की.

अकरावीला 'स्कोअरिंग' म्हणून फ्रेंच घेतलेल्यांनो (मीही त्यातलीच), ते मार्क इथं कामाला येणार नाहीत. क्रियापदं पाठ असतात, पण समोरचा बोलायला लागला की आपली बोलती बंद.

फ्रेंच नकोच असेल तर शेजारचा न्यू ब्रन्सविक प्रांत बघा. तिथं दोन्ही भाषा अधिकृत आहेत. एकट्या माँक्टन शहरात एक मोठं हॉस्पिटल इंग्लिशमधून चालतं, दुसरं फ्रेंचमधून.

क्वेबेकच हवं असेल तर आत्तापासून लागा. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेझचे क्लास आहेत, पण सोबत रेडिओ-कॅनडाच्या फ्रेंच बातम्या रोज ऐका, म्हणजे तिथले उच्चार कानात बसतील. आणि वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा: देजने सकाळी, दिने दुपारी, सुपे रात्री.