मित्राचें लग्न आणि अपुरा उजेड

लग्नघरांत ज्याच्याजवळ कॅमेरा असतो त्याला आमंत्रणपत्रिकेबरोबर एक कामगिरीही येते. "तूं आहेसच, मग दुसरा माणूस कशाला?" असें नवरदेव आपुलकीनें म्हणतो, आणि मैत्रीच्या भरांत नवशिका छायाचित्रकार होकार देऊन बसतो. आजवर त्यानें सहलींतले डोंगर, घरांतलीं मुलें, खिडकींत बसलेली मांजर यांचीं चित्रें काढलेलीं असतात. डोंगर हालत नाहीं. मांजर आज चुकली तर उद्यां पुन्हां त्याच खिडकींत बसते. लग्नाची गोष्ट निराळी आहे. अंतरपाट एकदांच दूर होतो. त्या क्षणाचें चित्र काळें आलें किंवा हललेलें आलें, तर गुरुजींना मंगलाष्टकें पुन्हां म्हणावयास सांगण्याची सोय कोणत्याही धर्मशास्त्रांत नाहीं.

हें काम किती अवघड होऊं शकतें, हें बदलापूरजवळच्या बारवी धरणाच्या परिसरांतील लग्नावरून चांगलें कळतें. बारवी ही उल्हास नदीची उपनदी. तिच्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें बांधलेलें धरण १९७२ सालीं उभें राहिलें, आणि ठाणे जिल्ह्यांतील कारखान्यांना व शहरांना तें पाणी पुरवीत आहे. अंबरनाथ-उल्हासनगरच्या दाट वस्तींतून निघालेला पाहुणा बदलापूर स्टेशनावर उतरून धरणाच्या रस्त्याला लागला, कीं थोड्याच वेळांत रानाच्या आणि पाड्यांच्या मुलखांत येतो. शहरांतल्या मंगल कार्यालयाला निदान छप्पर असतें आणि दिवे ठराविक जागीं असतात. येथें लग्न अंगणांत घातलेल्या मांडवाखालीं किंवा उघड्या पटांगणांत लागतें, आणि पुष्कळदां तें गोरज मुहूर्तावर असतें.

गाईगुरें घरीं परततांना त्यांच्या खुरांनीं धूळ उडते ती ही वेळ. कवींनीं तिचें कौतुक केलें तें योग्यच आहे, परंतु छायाचित्रकाराचा जीव तिनें टांगणीला लागतो. वैशाखांत या भागांत सूर्य सातच्या सुमारास मावळतो. उष्ण कटिबंधांत तो क्षितिजाखालीं जवळजवळ सरळ उतरतो, म्हणून येथला संधिप्रकाश अल्पायुषी असतो. इंग्लंडांत उन्हाळ्यांत जो उजेड पाऊण तास रेंगाळतो तो येथें तेवीस-चोवीस मिनिटांत संपतो. सूर्यास्ताच्या क्षणीं जेवढा उजेड असतो त्याचा सुमारें शंभरावा भागच या अवधीच्या अखेरीस उरतो. पश्चिमेच्या बाजूला डोंगर असला तर सूर्य पंचांगाच्याही आधीं मावळतो. त्यांत मुहूर्त सहा बावन्नचा असावा आणि नवरदेवाची मिरवणूक बँडच्या तालावर नाचत सात वाजून दहा मिनिटांनीं मांडवाच्या दारांत यावी, हा तर शिरस्ताच आहे. वाट पाहण्याच्या या अठरा मिनिटांत पाहुण्यांना कांहींच फरक जाणवत नाहीं, कारण मनुष्याचा डोळा उजेडाबरोबर नकळत जुळवून घेतो. कॅमेरा तसें करूं लागला, तरी त्याची किंमत तो कोठें तरी वसूल करतोच.

ती किंमत कोठें वसूल होते हें समजून घेतलें, कीं अर्धें काम झालें. चित्रावर पडणारा उजेड तीन ठिकाणीं आवरतां येतो. भिंगाचें छिद्र किती मोठें ठेवावयाचें, शटर किती वेळ उघडें ठेवावयाचें, आणि कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओचा आंकडा, किती चढवावयाचा. भर दुपारच्या उन्हांत संवेदनशीलता १०० आणि छिद्र एफ-१६ ठेवलें, तर शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडलें तरी पुरतें, हा जुना ठोकताळा आहे. दिव्यांनीं उजळलेला मांडव डोळ्यांना कितीही झगझगीत वाटो, तेथला उजेड दुपारच्या उन्हाच्या पांचशेव्या हिश्शाइतकाच असूं शकतो. आतां कॅमेऱ्याबरोबर मिळणारें साधें भिंग घ्या. दूरचें दृश्य जवळ आणतांना त्याचें छिद्र एफ-५.६ च्या पलीकडे उघडत नाहीं. अशा मांडवांत संवेदनशीलता १६०० केली तरी त्या भिंगाला शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडें ठेवावें लागतें, आणि तेवढ्या वेळांत अक्षता टाकणारा हात धुक्यासारखा पुसट होतो. तेंच ५० मिलिमीटरचें, झूम नसलेलें, मानानें स्वस्त भिंग एफ-२ वर ठेवलें तर अडीचशेवा भाग पुरतो. उजेडांत आठपट लाभ झाला, आणि तोही एखाद्या मित्राकडून दोन दिवसांकरितां मागून आणतां येण्यासारख्या वस्तूनें.

हा लाभ मात्र फुकट नाहीं. छिद्र मोठें केलें कीं स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. वधूचा चेहरा रेखीव येतो आणि एक हात मागें उभ्या असलेल्या मामांचा चेहरा विरघळतो. वधूवर समोरासमोर उभीं असतांना एकाचें नाक स्पष्ट आणि दुसऱ्याचें अस्पष्ट, असें चित्र कोणत्याच घरांत लावलें जात नाहीं. म्हणून दोन माणसें एका चित्रांत हवीं असतील तेव्हां एफ-४ पर्यंत यावें, आणि तूट संवेदनशीलतेनें भरून काढावी. एफ-४, आयएसओ ३२००, शटर सेकंदाचा शंभरावा भाग, हा हिशेब अशा मांडवाला साधारणतः पुरतो. संवेदनशीलता चढविली कीं चित्रांत रवाळपणा येतो, म्हणून नवशिके तिला फार भितात. ही भीति अनाठायीं आहे. रवाळ चित्रांत आजीच्या डोळ्यांतलें पाणी दिसतें, हललेल्या चित्रांत आजीच ओळखूं येत नाहीं.

शटरसाठीं शंभरावाच भाग कां, याला एक खास कारण आहे, आणि पुष्कळ अनुभवी हातांनाही तें लग्नाच्या दुसऱ्या दिवशींच कळतें. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते, त्यामुळें त्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभर वेळां उजळतो आणि मंदावतो. जुन्या पिवळ्या बल्बांत तार तापलेलीच राहत असल्यानें हा चढउतार फारसा दिसत नसे. आजचे स्वस्त एलईडी दिवे मात्र प्रवाहाबरोबर खरोखरच मिणमिणतात. डोळ्याला तें कळत नाहीं. शटर शंभराव्या भागापर्यंत उघडें राहिलें, तर एक पुरता चढउतार पदरांत पडतो आणि सर्व चित्र सारखें उजळतें. तेंच पांचशेव्या भागावर ठेवलें, कीं चित्राच्या निरनिराळ्या ओळींवर दिव्याचे निरनिराळे क्षण उमटतात आणि वधूच्या शालूवर काळसर पट्टे दिसूं लागतात. कांहीं कॅमेऱ्यांत हा मिणमिणाट ओळखणारी सोय असते. ती आधींच शोधून ठेवावी. रंग बदलणाऱ्या शोभेच्या दिव्यांचा ताल वेगळाच असतो, आणि वीज गेल्यावर धडधडूं लागणाऱ्या जनरेटरचा त्याहून वेगळा. तेव्हां दिवे लागतांच मांडवांत एक फेरी मारून, वाढप्यांचीं आणि खुर्च्यांचीं का होईना, दहा-बारा चित्रें काढून पाहावीं. त्या वेळीं हंसणाऱ्यांना हंसूं द्यावें.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा अवयव प्रामाणिक असला तरी भोळा आहे. समोर जें कांहीं असेल तें सरासरीनें करडें आहे असें तो धरून चालतो. नवरदेव पांढऱ्या पोशाखांत, समोर पांढरा अंतरपाट, बाजूला गुरुजींचें पांढरें धोतर. इतकें पांढरें पाहून तो समजतो कीं उजेड फार झाला, आणि सगळ्यांनाच मळकट करून ठेवतो. उलट गर्द हिरव्या शालूनें चौकट भरली तर तो चित्र जास्त उजळवतो आणि वधूचा चेहरा पांढरा फटक पडतो. म्हणून पांढऱ्याच्या बाबतींत हिशेब एक पायरी वाढवावा आणि गडद रंगाच्या बाबतींत तो तितकाच कमी करावा. याच अंतरपाटाचा एक उपयोग मात्र गुणाचा आहे. विधीपूर्वीं तो घडी घालून ठेवलेला असतो. त्यावर मांडवांतला उजेड पाडून कॅमेऱ्याला 'हें पांढरें' असें शिकवून द्यावें, म्हणजे पुढचे सर्व रंग त्या मानानें उतरतात.

रंगांचा प्रश्न सर्वांत अधिक छळतो तो हळदीच्या रात्रीं. या पट्ट्यांतील आगरी-कोळी घरांत हळद लग्नाच्या तोडीनें, किंबहुना थाटांत त्याच्याही वर, लागते. आणि धवलारीण धवले गाते तें तर पुष्कळदां घराच्या आंतल्या, मंद उजेडाच्या भागांत. तेथें पिवळा दिवा असतो, भिंत पिवळी असते, आणि हळदही पिवळी. कॅमेरा स्वतःच्या बुद्धीनें रंग जुळवूं लागला, कीं पिवळेपणा हाच दोष मानून तो पुसून काढतो, आणि ज्या हळदीसाठीं गांव जमला ती गालांवरून नाहींशी होते. येथें रंगाचा समतोल हातानें ठरवून एकदां पक्का करावा. शिवाय चित्रें रॉ नांवाच्या कच्च्या स्वरूपांत साठवावीं. जागा पुष्कळ लागते, परंतु रंगांची चूक घरीं बसून दुरुस्त करतां येते. दिवसाच्या मांडवांतही हाच घोटाळा वेगळ्या रूपानें भेटतो. लाल कापडाचें छत असलें, तर त्यांतून गाळून आलेलें ऊन सगळ्या वऱ्हाडाला तांबडें करतें, आणि मांडवाच्या कडेला बसलेले चार जण तेवढे निळसर दिसतात. त्यावर रामबाण इलाज नाहीं. वधूवरांना एकाच उजेडांत उभें करावें, इतकेंच करतां येतें.

मग फ्लॅश कां वापरूं नये? मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळांत चित्र दिवसाच्या उजेडावरच अवलंबून असे. जर्मनींत १८८७ मध्यें मॅग्नेशियमची स्फोटक भुकटी आली, आणि अंधारांत चित्र निघूं लागलें खरें, पण धुराच्या लोटासह. १९३१ च्या सुमारास अमेरिकेंत एजर्टन यांनीं विजेच्या क्षणिक झोताचा दिवा प्रयोगांत आणला. आजचा फ्लॅश त्याच्याच वंशांतला. त्याचें बळ अंतराच्या वर्गानें घटतें. दोन मीटरांवर जितका उजेड, चार मीटरांवर त्याचा चौथा हिस्सा. त्यामुळें सरळ रोखलेला फ्लॅश पुढच्या करवलीला चुन्यासारखी पांढरी करतो आणि मागचें वऱ्हाड काळोखांत बुडवितो. अंबरनाथच्या एखाद्या बुटक्या, पांढऱ्या छताच्या सभागृहांत तो छताकडे वळवला तर मऊ उजेड खालीं उतरतो. बारवीकडच्या उघड्या पटांगणांत वर आकाशच असतें, आणि तें कांहीं परत करीत नाहीं. रंगीत कापडाचें छत असलें तर तें स्वतःचा रंग परत करतें. होमाच्या वेळीं तर फ्लॅश बंदच ठेवावा. धुरावर तो पडला कीं पुढें पांढरा पडदा उभा राहतो, आणि अग्नीच्या ज्या तांबूस उजेडांत लाह्या सोडणारे हात सुंदर दिसतात तो उजेडच मरतो.

उभें कोठें राहावें, हें अगोदर गुरुजींना विचारावें. छायाचित्रकारांच्या पाठींकडे पाहत लग्न लावण्याचा त्यांना इतका कंटाळा आलेला असतो, कीं कोणी विचारलें तर ते आनंदानें सांगतात. अंतरपाटाच्या टोंकाशीं, एका बाजूनें, किंचित् उंचावर उभें राहिलें, तर दोघांचेही चेहरे मिळतात आणि पाहुण्यांची दृष्टि अडत नाहीं. व्हिडिओवाल्याचा मोठा दिवा हा शत्रु मानूं नये. त्याच्याशीं दोन शब्द बोलून घेतले तर त्याच दिव्यावर निम्में काम निभतें. समर्थ रामदास 'सावधान' ऐकून बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा आहे. छायाचित्रकाराला तो मार्ग मोकळा नाहीं. तो शब्द शेवटचा उच्चारला जाण्यापूर्वीं बोट बटणावर असावें, कारण त्यानंतर वाजंत्री, अक्षता आणि माला हें सर्व अर्ध्या मिनिटांत उरकतें.

चेहऱ्यांच्या या धांवपळींत एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे घर. बारवी धरणाची उंची पुढें टप्प्याटप्प्यानें वाढविली गेली, आणि जलाशयाच्या पोटांत शेतें, घरें, पाडे गेले. माणसें दुसरीकडे वसलीं. ज्या अंगणांत त्यांच्या आईबापांचीं लग्नें लागलीं तें अंगण आतां पाण्याखालीं आहे. अशा एखाद्या कुटुंबाजवळ त्या लग्नाचें जुनें छायाचित्र असलें, तर वधूवरांइतकेंच मागचें दार, तुळशीवृंदावन आणि ओटीवर टेकलेली शिडी यांच्यावर त्यांचें बोट फिरतें. म्हणून विधि सुरू होण्यापूर्वीं, पांच-सव्वापांचला, ऊन तिरपें आणि उजेड भरपूर असतांना, पाहुण्यांनीं भरण्याआधींच्या मांडवाचीं, दारावरच्या तोरणाचीं, चुलाण्यापाशीं बसलेल्या बायकांचीं चित्रें काढून घ्यावीं. त्या वेळीं आयएसओचीही चिंता नसते.

रात्रीं पाहुणे पांगल्यावर थकवा कितीही असो, कॅमेऱ्यांतील कार्ड तसेंच पिशवींत टाकून झोपूं नये. त्यावरचीं चित्रें दोन वेगळ्या ठिकाणीं उतरवून घ्यावीं, आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याखेरीज कार्ड पुसूं नये. काढलेल्या हजारांतून दीडदोनशें निवडावीं. निवडतांना ज्यांत वधूवर दिसत नाहींत, पण दाराशीं उभा राहून डोळे पुसणारा मुलीचा बाप दिसतो, तें थोडेंसें काळपट आलेलें चित्र तेवढें बाजूला टाकूं नये.