मैलापाणी शुद्धीकरण केंद्र कसे उभे राहते?

गावाबाहेरच्या सखल माळावर पत्र्याचे कुंपण पडते, नामफलक लागतो आणि काही महिन्यांत काँक्रीटच्या भिंती वर येऊ लागतात. येणारेजाणारे कुतूहलाने विचारतात, ‘काम कोठवर आले?’ भिंती पाहून कोणी ‘निम्मे झाले’ म्हणतो, तर कोणी ‘झालेच म्हणा’ असे सांगून मोकळा होतो. घर, पूल किंवा शाळेची इमारत यांच्या बाबतीत नजरेने केलेले असे माप सहसा चुकत नाही. मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या बाबतीत मात्र ते फसवे ठरते. या कामाचा मोठा भाग जमिनीखाली असतो. एक भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या हाती असतो. आणि शेवटचा भाग तर आपल्या प्रत्येकाच्या न्हाणीघरापाशी येऊन थांबतो. हे केंद्र टप्प्याटप्प्याने कसे पुरे होते, ते विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या घरच्या मंडळींना समजावून सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम हा खटाटोप नगरपालिकेने का करावा, ते पाहू. माळव्यातील रतलाम येथे न्यू रोड भागातील रहिवासी उघडी गटारे, उघड्यावरील मैला आणि मद्यार्काच्या कारखान्यातून येणारे दुर्गंधीयुक्त पाणी यांमुळे त्रस्त झाले होते. त्यांनी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेस उपाययोजना करण्याचा हुकूम दिला; नगरपालिकेने पैशाच्या टंचाईची सबब पुढे केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर व न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला. लोकांचे आरोग्य राखण्यासाठीच जी संस्था निर्माण झाली, तिला पैशाची अडचण सांगून ते कर्तव्य टाळता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. तेव्हापासून ‘रतलामचा निकाल’ म्हणून तो देशभर ओळखला जातो.

आता केंद्र केवढे बांधावयाचे, याचे गणित पाहा. भुयारी गटारे असलेल्या गावात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी लागते असे धरतात आणि त्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो असे मानतात. गावाची वस्ती ३०,००० असेल, तर रोजचे पाणी ४०,५०,००० लिटर झाले व सांडपाणी ३२,४०,००० लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर असे ३२४ टँकर दररोज भरतील! या पाण्यात हजार भागांपैकी सुमारे ९९९ भाग निव्वळ पाणीच असते. उरलेल्या एका भागात मळ, अन्नकण, साबण, तेल व रोगजंतू असतात, आणि सगळा अनर्थ त्या एका भागाचा असतो. तो मळ कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेतो. त्यामुळे ओढ्यातील मासे गुदमरतात व ओढ्याचे गटार होते. म्हणून मैलापाण्याची घाण मोजताना ती कुजविण्यास किती प्राणवायू लागेल, हेच मोजतात. या मापास ‘जैविक प्राणवायू मागणी’ म्हणतात. कच्च्या मैलापाण्यात ती दर लिटरला साधारणपणे २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. शुद्ध केलेल्या पाण्यात ती किती चालेल, याची मर्यादा केंद्र सरकारने २०१७ साली महानगरांसाठी २० व इतर गावांसाठी ३० मिलिग्रॅम अशी घातली. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने याहून कडक, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या मर्यादेचा आग्रह धरला.

बांधकामाचा पहिला टप्पा पातळीचा. मैलापाणी होता होईल तो आपल्या उताराने वाहत यावे, म्हणून केंद्रासाठी गावातील सखल जागा निवडतात. मात्र ती पुराच्या पाण्याबाहेर असावी लागते. नळांना उतार फार कमी दिला, तर मळ तळाशी बसून नळ तुंबतो. यासाठी प्रवाहाचा वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर राहील असा हिशेब करतात. गल्लीतील १५० मिलिमीटर व्यासाच्या नळाला दर हजार मीटरला सुमारे सहा मीटर उतार लागतो. पुढे नळ मोठा होत जातो, तसा कमी उतार पुरतो. तरीही सपाट गावात तो खोल खोल जातो. अखेर एका खोल विहिरीत मैलापाणी गोळा करून पंपाने वर उचलावे लागते. हे सर्व काम अरुंद गल्लीतून, पिण्याच्या पाण्याचे नळ व विजेच्या तारा सांभाळीत, घरांच्या पायांना धक्का न लावता करावयाचे असते. खड्डा बुजला की ते दिसेनासे होते. केंद्राच्या भिंती झपाट्याने चढतात आणि गटारांचे काम रेंगाळते, याचे एक कारण हे आहे.

दुसरा टप्पा टाक्यांचा. येथे भिंतीने आतले पाणी आत व बाहेरचे पाणी बाहेर राखावयाचे असते. म्हणून सळयांची बांधणी दाट करतात, काँक्रीटच्या दोन थरांच्या सांध्यात पाणी अडविणारी पट्टी बसवितात आणि नव्या काँक्रीटवर दिवसच्या दिवस पाणी मारीत राहतात. गंमत अशी की, जमिनीत बांधलेल्या टाकीला भरलेली असताना जेवढा धोका नसतो, तेवढा ती रिकामी असताना असतो. पावसाळ्यात भूजल वर आले, तर रिकामी टाकी होडीसारखी उचलली जाऊ शकते. म्हणून तिच्या वजनाचा व तळाखालच्या पाण्याचा हिशेब आधीच करावा लागतो. टाकी पुरी झाली की तिची परीक्षा घेतात. ती स्वच्छ पाण्याने भरून काँक्रीटला पाणी पिण्यासाठी सात दिवस देतात. नंतर आणखी सात दिवस दर चोवीस तासांनी पातळी टिपतात. जमिनीखालच्या झाकलेल्या टाकीत त्या सात दिवसांतील एकूण घट ४० मिलिमीटरहून अधिक नसेल, तर टाकी पाणबंद झाली असे भारतीय मानक मानते. काम कोठवर आले, असे विचारणाऱ्याने ही परीक्षा झाली की नाही, हे अवश्य विचारावे.

तिसरा टप्पा यंत्रांचा. चिंध्या व कागद अडविणाऱ्या जाळ्या, वाळू खाली बसविणारी टाकी, हवा सोडणारी यंत्रे आणि शेवटी जंतुनाशनाची सोय, असा क्रम असतो. विजेची जोडणी झाली, यंत्रे फिरू लागली, की समारंभपूर्वक उद्घाटनही होते. परंतु त्या दिवशी केंद्र पाणी शुद्ध करू लागतेच असे नाही, कारण मुख्य कामकरी अजून यावयाचे असतात. हे कामकरी म्हणजे सूक्ष्म जंतू होत.

त्यांचा शोध मोठा बोधप्रद आहे. इंग्लंडातील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट हे रसायनज्ञ बाटल्यांतील मैलापाण्यात हवा सोडून पाहत होते. पहिल्या खेपेस पाणी पूर्ण सुधारण्यास सुमारे पाच आठवडे लागले. त्यांनी तळाचा गाळ फेकून न देता तसाच ठेवला, वरचे पाणी ओतून काढले आणि त्याच गाळावर नवे मैलापाणी घातले. या वेळी कमी दिवस लागले. असे पुन्हा पुन्हा करता गाळ साठत गेला, वेळ घटत गेला आणि अखेर तेच काम चोवीस तासांच्या आत होऊ लागले. त्या गाळात मळ खाऊन वाढणाऱ्या जंतूंची जणू वसाहतच नांदत होती. या पद्धतीस त्यांनी ‘सक्रिय गाळ’ असे नाव दिले व १९१४ साली ती प्रसिद्ध केली. ज्यांच्या प्रेरणेने हे प्रयोग झाले, ते गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.

म्हणूनच चौथा टप्पा वाट पाहण्याचा आहे. नव्या केंद्रात बहुधा एखाद्या जुन्या केंद्रातील गाळ विरजणासारखा आणून घालतात. त्याला रोज मैलापाणी व हवा देतात आणि तो पुरेसा वाढेपर्यंत काही आठवडे थांबतात. लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात घेऊन अर्ध्या तासात गाळ किती खाली बसतो, हे नित्य पाहतात. तो चांगला बसू लागला व वरचे पाणी निवळू लागले, की वसाहत रुजली असे समजावे. हवा फार वेळ बंद पडली, तर हे जीव मरू लागतात. तेव्हा केंद्राला विजेचे बिल भरणारा हातही बांधकामाइतकाच आवश्यक आहे.

पाचवा टप्पा घराघरांच्या जोडणीचा. दारासमोरून भुयारी गटार गेले, तरी घरातील सांडपाणी जोवर त्यात सोडले जात नाही, तोवर ते जुन्याच उघड्या नालीतून ओढ्याला मिळते. आणि केंद्रातील जंतू उपाशी राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार देशातील शहरांतून दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होते. केंद्रांची बसविलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. प्रत्यक्ष शुद्ध होणारे पाणी मात्र सुमारे २०,२०० दशलक्ष लिटरच होते. म्हणजे जी केंद्रे बांधून झाली होती, त्यांच्या क्षमतेचाही एक तृतीयांशाहून अधिक भाग वाया जात होता. काही केंद्रे बंद होती, तर काहींपर्यंत पुरेसे मैलापाणी पोहोचतच नव्हते.

जेथे भुयारी गटारे घालणे परवडत नाही, तेथेही मार्ग आहे. सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या वाई गावात २०१८ साली सेप्टिक टाक्यांतील मैल्यावर प्रक्रिया करणारे केंद्र सुरू झाले. प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा ठरल्या पाळीने टँकरने उपसावी, असा क्रम तेथील नगरपरिषदेने लावला. तेथे टँकर हीच घराची जोडणी झाली.

या जोडणीबरोबर काही पथ्येही येतात. गच्चीवरचे पावसाचे पाणी भुयारी गटारात सोडू नये. त्यामुळे केंद्रावर एकाएकी लोंढा येऊन गाळ वाहून जातो. चिंध्या, प्लॅस्टिक, केसांचे गुंतवळे व उरलेले तेल मोरीत टाकू नये. हे सांगणे केवळ स्वच्छतेसाठी नाही. नळ तुंबला की तो मोकळा करण्यास कोणाला तरी जावे लागते, आणि गटारातील विषारी वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो. संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. गटारातील मृत्यूबद्दल निदान तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. परंतु घरचा कर्ता पुरुष परत आणून देईल अशी भरपाई कोठून आणावी? मोरीत टाकलेली चिंधी कोणाच्या जिवावर बेतू शकते, हे ती टाकण्यापूर्वी प्रत्येकाने आठवावे.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, आपल्या गावाजवळ असे केंद्र उभे राहत असेल, तर गुरुजनांबरोबर ते जरूर पाहून या. तेथील अभियंत्यांना विचारा की, गटारे किती लांबीची घातली, टाक्यांची पाण्याची परीक्षा झाली काय, गाळ कोठून आणणार, विजेचा खर्च कोण देणार आणि किती घरे जोडली गेली. घरी आल्यावर एक प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारा, ‘आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते?’ त्याचे नीट उत्तर ज्या दिवशी गावातील प्रत्येक घर देऊ शकेल, त्या दिवशी केंद्राचे काम पुरे झाले असे समजण्यास हरकत नाही.