टोकियोचे क्रीडागार : वाद आकाराचा, प्रश्न जागेचा

१७ जुलै २०१५ रोजी जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांनी टोकियोच्या नव्या राष्ट्रीय क्रीडागाराचा आराखडा रद्द केला. ऑलिंपिक पाच वर्षांवर येऊन ठेपले होते, जुने क्रीडागार पाडून झाले होते, आणि १३० अब्ज येनचा मूळ अंदाज २५२ अब्जांवर पोहोचला होता. लोकमतापुढे सरकार नमले, याचा अनेकांना आनंद झाला. तो अनाठायी होता असे नाही; परंतु त्या वादात काय बोलले गेले आणि काय बोलायचे राहून गेले, हे आज पाहू गेल्यास त्या आनंदाला मर्यादा पडते.

ज्या जागेविषयी हा वाद झाला ती साधी नव्हती. सम्राट मेइजी यांच्या स्मरणार्थ लोकांच्या देणग्यांतून आणि श्रमदानातून १९२६ साली पूर्ण झालेले हे विस्तीर्ण उद्यान आहे. त्यातले जुने राष्ट्रीय क्रीडागार १९५८ च्या आशियाई स्पर्धांसाठी बांधले गेले. मिल्खासिंगांनी त्या वर्षी २०० आणि ४०० मीटर धावण्याची सुवर्णपदके मिळवली ती तेथेच. १९६४ च्या ऑलिंपिकचे उद्घाटनही तेथेच झाले.

नव्या वास्तूसाठी २०१२ साली स्पर्धा जाहीर झाली. मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळवलेल्या किंवा मोठे क्रीडागार बांधलेल्या वास्तुविशारदांनाच तिचे दार उघडे होते. ४६ प्रवेशिकांतून तादाओ आंदो यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षकांनी झाहा हदीद यांचे संकल्पचित्र निवडले. त्यावर पहिला गंभीर आक्षेप घेतला तो फुमिहिको माकी यांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये, एका व्यावसायिक नियतकालिकातील लेखातून. माकी यांचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. शेजारचीच महानगर व्यायामशाळा त्यांनी बांधलेली, त्यामुळे या परिसराचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. झाडीच्या आणि चिंचोळ्या जागेत सुमारे २ लाख ९० हजार चौरस मीटरचा, सत्तर मीटरहून उंच डोलारा कशाला, आणि ऑलिंपिकचे दोन आठवडे सरल्यावर तो पोसणार कोण, हे त्यांचे साधे प्रश्न होते. तोयो इतो, केंगो कुमा यांच्यासारखे नामवंत त्यांच्या मागे उभे राहिले. माकींच्या टीकेचा रोख मुख्यतः आकृतीपेक्षा स्पर्धेच्या अटींवर होता, ही गोष्ट मात्र पुढे विसरली गेली.

कारण वाद वृत्तपत्रांत आणि चव्हाट्यावर आला तसा तो आकाराभोवतीच घुटमळू लागला. कोणाला ते सायकलस्वाराचे शिरस्त्राण वाटले. काटछाट झालेला आराखडा पाहून अराता इसोझाकी यांनी कासवाची उपमा दिली. उपमांचे हे पीक मनोरंजक खरे, पण त्यात मूळ मुद्दा झाकला गेला. ऐंशी हजार आसने, मैफलींसाठी मिटणारे छप्पर, मैदानाजवळ सरकणाऱ्या बैठका आणि २०१९ च्या रग्बी विश्वचषकापूर्वी काम पूर्ण, या साऱ्या मागण्या हदीदबाईंच्या नव्हत्या. त्या बांधकाम करवून घेणाऱ्या सरकारी क्रीडा परिषदेच्या होत्या. चढ्या भावांच्या बाजारात चुरशीच्या निविदा न मागवता ठेकेदार आधीच ठरवले गेल्याने खर्च फुगला, असे हदीद यांचे म्हणणे होते. ते संपूर्ण मान्य करण्याचे कारण नाही, तथापि ऐकून घेण्याजोगे निश्चितच होते. पण परदेशी आणि विक्षिप्त कलावतीच्या माथी सारा दोष मारणे सर्वांनाच सोयीचे होते! फेरस्पर्धेत वास्तुविशारदाने ठेकेदाराला बरोबर घेऊनच उतरायचे होते. हदीद यांना ठेकेदार मिळाला नाही. मार्च २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या फेरीत प्रस्ताव आले अवघे दोन. एक कुमा यांचा, दुसरा इतो यांचा. डिसेंबर २०१५ मध्ये ६१० विरुद्ध ६०२ गुणांनी कुमा यांची निवड झाली. त्यांची वास्तू पन्नास मीटरच्या आत आहे, छपराखालच्या वळचणींना देशाच्या सर्व ४७ प्रांतांतले लाकूड लावले आहे, आणि ती डोळ्यांना खुपत नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. घाईची मौज अशी की ऑलिंपिकची ज्योत कोठे ठेवायची याचाच आराखड्यात विचार नव्हता, हे २०१६ साली उघडकीस आले. रग्बीचा अंतिम सामना तर योकोहामालाच हलवावा लागला. आसनांना पाच मातकट रंग असे विखरून दिले आहेत की रिकाम्या बैठकाही भरल्यासारख्या भासाव्यात. २०२१ साली महामारीमुळे प्रेक्षकांविना ऑलिंपिक झाले, तेव्हा ही युक्ती कामी आली. बीडच्या अविनाश साबळेंनी अडथळ्यांच्या शर्यतीत राष्ट्रीय विक्रम केला आणि नीरज चोप्रांनी ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकले, ते याच रंगीत शांततेत.

परंतु या साऱ्या गदारोळात ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण राहिला ते कासुमिगाओका या सरकारी वसाहतीतले रहिवासी. क्रीडागाराच्या कडेला दहा इमारती आणि सुमारे तीनशे बिऱ्हाडे होती. बहुतेक वृद्ध. त्यांतले काही जण १९६४ च्या ऑलिंपिकपायी घर गमावून येथे आलेले, आणि आता दुसऱ्या ऑलिंपिकपायी पुन्हा उठवले गेलेले. आराखडा बदलला, वास्तुविशारद बदलला, खर्च उतरला; त्यांच्या नोटिसा काही मागे घेतल्या गेल्या नाहीत. २०१६ साली इमारती पाडल्या गेल्या. छपराच्या वळणावर रकाने भरणाऱ्या किती जणांनी तिकडे जाऊन पाहिले असेल?

उंचीचेही तसेच झाले. या निसर्गरम्य पट्ट्यात पूर्वी पंधरा मीटरची मर्यादा होती. हदीद यांच्या आराखड्यासाठी २०१३ साली क्रीडागाराच्या जागी ती पंचाहत्तर मीटरपर्यंत शिथिल करण्यात आली. एकदा सैल केलेली ही गाठ पुन्हा आवळली गेली नाही. त्याच उद्यानातले १९२६ चे बेसबॉल मैदान आणि रग्बीचे मैदान पाडून नव्याने बांधण्याची, सोबत १९० मीटरपर्यंतचे मनोरे उभारण्याची योजना टोकियो प्रशासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर केली. संगीतकार र्‍युइची साकामोतो यांनी मृत्यूच्या काही आठवडे आधी राज्यपालांना पत्र लिहून झाडे तोडू नका अशी विनंती केली. रहिवासी न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये वृक्षतोड सुरू झाली.