वागाशी शिकायची? आधी आजीला विचारा

'वागाशी' म्हणजे जपानची पारंपरिक मिठाई. फुलासारखी, पानासारखी घडवलेली, तळहातावर मावेल एवढी आणि कडवट हिरव्या चहाच्या आधी खायची. आठवडाभर लॅपटॉपवर कोड लिहिल्यावर रविवारी हाताने काहीतरी घडवावेसे वाटायचे, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी हा छंद धरला. आदिलाबादेत क्लास कुठला मिळायला! व्हिडिओ पाहून सुरुवात केली. पण व्हिडिओत जे कळत नव्हते, ते सांगणारी माणसे घरातच निघाली.

पुरणयंत्र आणि 'आन'

बहुतेक वागाशीच्या पोटात 'आन' असते, म्हणजे कडधान्याचे गोड पुरण. त्यासाठी जपानमध्ये आझुकी नावाचे छोटे लाल कडधान्य वापरतात. आपली चवळी आणि मूग याच कुळातले, त्यामुळे लाल चवळी घेतली तरी काम भागते. दाणे भिजवायचे, तुरटपणा जावा म्हणून पहिले उकळीचे पाणी टाकून द्यायचे, मऊ शिजवायचे आणि साखर घालून आटवायचे. दाणे दिसत ठेवले तर 'त्सुबुआन', गाळून साले काढली तर 'कोशिआन'. गाळायला आमचे जुने पितळी पुरणयंत्र उत्तम चालते.

आटवायचे किती? व्हिडिओ मिनिटे सांगतात, पण गॅस, पातेले आणि दाणे प्रत्येकाचे वेगळे. आईने पातेल्यात डाव उभा करून पाहिला आणि म्हणाली, "पडत नाही ना? झालं मग." पुरणाची हीच परीक्षा इथेही लागू पडते.

पांढऱ्या राजम्याचे 'शिरोआन' केले आणि त्यात चिकट तांदळाच्या पिठाची थोडी शिजवलेली उकड मळली, की 'नेरिकिरी' तयार होते. तिच्यात रंग मिसळून, तिधारी लाकडी पट्टीने पाकळ्या कोरून फुले करतात. साध्या तांदळाच्या पिठीला तो चिवटपणा येत नाही. आसामचा बोरा तांदूळ चिकट जातीचा असतो, तो मागवता येतो. बाकी सगळा खेळ बोटांचा. ज्याला उकडीच्या मोदकाची पारी जमते, त्याचा अर्धा रियाज झालेलाच असतो.

काटा कसा येतो?

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानमध्ये साखरेच्या गोळ्या नेल्या. लुईश फ्रॉइश या धर्मप्रचारकाने 1569 मध्ये सेनानी ओदा नोबुनागाला त्या काचेच्या बाटलीतून भेट दिल्या. त्यांचे जपानी नाव 'कोन्पेइतो'. एक बारीक दाणा तापलेल्या, फिरत्या कढईत घोळवत राहायचे आणि थोडा थोडा पाक शिंपडायचा. थरावर थर चढत दाण्याला छोटी शिंगे फुटतात. ती का फुटतात, याचे कुतूहल तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञालाही होते. क्योतोमध्ये 1847 पासून कोन्पेइतो करणारे एक दुकान आहे. तिथे एका घाण्याला दोन आठवड्यांहून जास्त दिवस लागतात.

हे वाचताना संक्रांतीचा हलवा आठवला ना? तीळ, मंद आच, चमचाभर पाक आणि परातीत गोल फिरणारी बोटे. नव्या सुनेचे दागिने आणि बाळाचे बोरन्हाण ज्या हलव्याने होते, तो हाच. हलव्याला काटा यायला कोरडी थंडी लागते आणि तेलंगणात थंडीचा कडाका आमच्या आदिलाबादइतका क्वचितच कुठे असतो. माझी आत्या पहाटे उठून हलवा करायची. आता तिचे वय 74 आहे, परातीशी तासभर बसवत नाही. आमच्या नात्यागोत्यात काटेरी हलवा येणारी ती शेवटचीच. गेल्या संक्रांतीला ती खुर्चीत बसली आणि मी परातीशी. "पाक कमी घाल, हात हलका ठेव, दाणा वाजला की थांब." 'दाणा वाजला' म्हणजे काय, हे मला चौथ्या दिवशी कानाने कळले. ते कुठे लिहून ठेवलेले नाही.

जपानच्या बाप्पाचा नैवेद्य

बौद्ध धर्माबरोबर आपला गणपतीही चीनमार्गे जपानला पोचला. तिथे त्याला कांगितेन म्हणतात. त्याच्या नैवेद्याला 'कांकिदान' असते. आत आन, त्यात सुगंधी मसाले, बाहेर पिठाची पारी, वर पिळून बांधलेले तोंड आणि तिळाच्या तेलात सावकाश तळण. बघताच तळणीचा मोदक ओळखू येईल! क्योतोमधले 1617 सालचे एक दुकान तो आजही करते. इतक्या दूर गेलेला मोदक तिथे टिकला, कारण प्रत्येक पिढीत कोणीतरी तो करायला शिकले.

आपले ऋतू, आपल्या ताटात

वागाशीत ऋतू दिसावा लागतो. वसंतात चेरीचा बहर, शरदात लाल मेपलचे पान. मी आदिलाबादचे ऋतू घेतो. फाल्गुनात पळसाचे फूल, चैत्रात मोहाचे, दिवाळीच्या सुमारास फुटलेले कापसाचे बोंड. पांढऱ्या नेरिकिरीचे बोंड घरच्या मुलांनी लगेच ओळखले. शेतात न गेलेल्या भाचीने मग विचारले, "मामा, खरं बोंड असं उमलतं का?" त्या रविवारी तिला आमच्या शेतावर घेऊन गेलो.

तुम्हालाही हा छंद लावून घ्यायचा असेल, तर पहिल्या दिवशी पाव किलो लाल चवळी भिजवा आणि कोशिआन करा. ते जमले की पांढरा राजमा घ्या. साचे, पट्ट्या सावकाश मागवा. आणि येत्या संक्रांतीला आजी, आत्या, काकू, ज्यांना हलवा येतो त्यांच्याशेजारी परात घेऊन बसा. चार-पाच दिवस लागतील, तेवढी सुट्टी आत्ताच टाकून ठेवा.