सातपुड्यावरचा ढग, ओल्या कागदावर

तेल्हाऱ्याच्या उत्तरेला सातपुडा. पावसाळ्यात ढग खाली उतरले, की वारी भैरवगडच्या डोंगरांच्या कडा पुसट होतात. हे रंगवायला ‘वेट-इन-वेट’ हीच खरी पद्धत: ओल्या कागदावर ओला रंग सोडायचा, पसरू द्यायचा.

सगळं गणित कागदाच्या चकाकीचं आहे. पाणी साचलेलं असताना रंग सैरावैरा धावतो. साचलेलं पाणी जिरून नुसती चकाकी उरली, की अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळून केलेला करडा ढग सोडावा; कडा आपोआप विरघळतात. कुंचल्यात पाणी कागदापेक्षा कमीच हवं. चकाकी गेली, की हात आवरावा! नंतर लावलेल्या पाण्याने फुलकोबीसारखे डाग उमटतात. रंग वाळल्यावर फिका दिसतो, म्हणून सुरुवातीलाच थोडा गडद घ्यावा.

कागद 300 जीएसएमचा, सुती असावा. शाळेतल्या चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद फुगतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर ओल टिकतच नाही. तेव्हा कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर चिकटवावा, आणि सकाळीच बसावं.

मराठी जलरंगाची परंपरा मोठी आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (1882–1968) यांची निसर्गचित्रं जरूर पाहावीत.