नेवाशाची पांढर

नेवासे हे प्रवरा नदीच्या काठचे गाव. पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ते आहे. गावात मोहिनीराजाचे मोठे देऊळ आहे. गावाबाहेर ज्ञानेश्वरांचे मंदिर आहे. त्यात एक दगडी खांब आहे. त्याला पैस खांब म्हणतात. ज्ञानेश्वरांनी या खांबाला टेकून गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, असे लोक मानतात. ते साल शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. खांबावर जुना लेखही कोरलेला आहे.

पण नेवाशाची गोष्ट याहूनही फार जुनी आहे. ती दगडावर नाही, मातीत आहे.

नदीकाठी लाडमोड नावाची टेकडी आहे. ही टेकडी माणसांच्या वस्तीने झाली. ती कशी? मातीचे घर पडते. त्याच मातीवर दुसरे घर उभे राहते. असे शेकडो वर्षे चालले, की जमीन उंच होते. तिलाच आपण पांढर म्हणतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे खोदकाम केले. जसजसे खाली जावे, तसतसा काळ मागे जातो. वर काचेच्या बांगड्या मिळाल्या. त्याखाली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा काळ लागला. तेथे रोमच्या बाजूने आलेल्या रांजणांचे तुकडे निघाले. म्हणजे बघा, तेव्हाही नेवाशाचा व्यापार समुद्रापार होता! त्याच्याही खाली तीन हजार वर्षांपूर्वीची घरे होती. त्या काळी मूल गेले, की आईबाप त्याला मडक्यात ठेवून घरातच पुरत. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती.

पांढरीची माती खताला चांगली. म्हणून गावोगावी लोकांनी ती गाड्या भरभरून शेतात नेली. पीक चांगले आले, पण थर मोडले. थर मोडला, की मणी हाती लागूनही तो कोणत्या काळचा ते कळत नाही. फाटलेल्या पोथीचे सुटे पान जसे, तसेच ते.

तुमच्या गावालाही पांढर असेल. ती उकरू नका. जुनी वस्तू दिसली, तर विकू नका. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवा. १८७८ सालापासून तसा कायदाच आहे. आपल्या गावाची पोथी आपणच जपली पाहिजे.