काळी ताटली

डांग्या खोकला झालेलं मूल एका दमात खोकत जातं, चेहरा काळानिळा पडतो आणि शेवटी श्वास ओढताना 'हूऽप' असा आवाज येतो. अगदी तान्ह्या बाळात कधी तोही येत नाही. ते नुसतं श्वास घ्यायचं थांबतं. पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोस मिळतो सहाव्या आठवड्यात. त्याआधी आधार ॲझिथ्रोमायसिनचाच. दुसरं औषध, कोट्रायमोक्साझोल, २ महिन्यांखालच्या बाळाला देत नाहीत. म्हणून पहिलं अजून लागू पडतं का, हे तपासत राहणं भाग आहे.

ते कळतं कोळशाची पूड घातलेल्या काळ्या ताटलीत. डांग्या खोकल्याचा जीवाणू १९०६ साली ब्रसेल्समध्ये बोर्दे आणि झांगू यांनी बटाटा, ग्लिसरीन आणि रक्ताच्या खाद्यावर वाढवला. मोठा नाजूक जीव. नाकातून पार घशाच्या मागे बारीक काडी नेऊन नमुना घेतात. काडीला कापूस चालत नाही. कापसातल्या स्निग्धाम्लांनी तो मरतो. आमच्या वऱ्हाडात हे मुद्दाम सांगायला हवं! टोक नायलॉनचं किंवा डेक्रॉनचं हवं. कोळसा अशीच विषारी द्रव्यं शोषून घेतो. तीन ते सात दिवसांनी, कधी आणखी उशिरा, चकचकीत बारीक ठिपके दिसतात. ते नव्या ताटलीवर पसरून मधे ॲझिथ्रोमायसिनच्याच कुळातल्या एरिथ्रोमायसिनची १५ मायक्रोग्रॅमची चकती ठेवतात. भोवती मोकळं रिंगण पडलं तर औषध चालतं. वाढ चकतीला भिडली, तर नाही.

अशी भिडलेली वाढ १९९४ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या युमाच्या एका बाळाच्या नमुन्यात सापडली. जीवाणूच्या एका जनुकातलं २०४७ क्रमांकाचं एकच अक्षर बदललं होतं. आज चीनच्या अनेक भागांत बहुतेक नमुने असेच निघतात. बीटी कपाशीलाही न जुमानणारी २०१७ ची गुलाबी बोंडअळी पाहिलेल्या मोर्शीच्या शेतकऱ्याला याचा अर्थ सांगायला नको.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये औषधरोधावर पाळत ठेवणारं जाळं उभारलं. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थानही त्यात आहे. पण सुरुवातीला निवडलेल्या सहा गटांत हा जीवाणू नव्हता. पीसीआर ही जनुकीय चाचणी रोग लवकर ओळखते. तरी माझ्या मते जिवंत जीवाणू वाढवण्याचं कसब सोडता कामा नये, कारण अनोळखी बदल ताटलीतच उघडा पडतो.

गोळी किंवा सिरप आधी पोटात गेलं, की ताटली बहुधा कोरीच राहते. म्हणून मोर्शीतल्या आणि मेळघाटातल्या डॉक्टरांना विनंती: औषधाला उशीर नको, पण पहिल्या डोसाआधी काडी फिरवा.